सातवा मुद्दा

हे मंजिरीलाही ठाऊक नाही. बावीस वर्षांचा संसार आहे आमचा. मी खोटं बोलतो तेव्हा कान खाजवतो, हे तिने लग्नानंतर महिन्याभरात ओळखलं होतं — आणि तरीही हे तिला ठाऊक नाही, कारण तिने कधी विचारलं नाही आणि मी विषयच निघू दिला नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे सोपं जातं.

मध्येच तुम्हाला वाटेल, यात एवढं काय आहे? मी कोणाला मारलं नाही, कोणाचं काही चोरलं नाही. माझ्या हातून दोन ओळी झाल्या. एक लिहिली, ती लिहायला नको होती. एक लिहायला हवी होती, ती लिहिली नाही. हिशेब म्हणाल तर एवढाच.

आधी मी कोण ते सांगतो. मूळचा चिंचवडचा. ड्रेस्डेनला येऊन एकोणीस वर्षं झाली. शहराच्या उत्तरेला, चिपच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची कंपनी आहे — नव्वदेक माणसांची. नाव तुम्ही ऐकलेलं नसणार आणि मी सांगणारही नाही. आम्ही कस्टम्सचं सॉफ्टवेअर बनवतो. सीमेवर ट्रक आला की त्यात काय आहे, कुठून आलंय, किती ड्युटी पडते, सोडायचा की अडवायचा — हे अधिकाऱ्याला ज्या पडद्यावर दिसतं, तो पडदा आमचा. कंटाळवाणं काम आहे. मला आवडतं. मला कंटाळवाणी कामं नीट जमतात, त्या जोरावरच इथवर आलो.

तर सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक देश आला.

ऑफिसात आम्ही तसंच म्हणायचो — 'उद्या देश येतोय, मोठी मीटिंग रूम लागेल.' नवा देश. स्वतंत्र होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. डोंगराळ, समुद्रकिनारा नाही. ज्याच्यातून फुटून निघाला तो जुना देश शेजारी, आणि चिडलेला. काहींनी मान्यता दिलेली, काहींचा 'विचार चालू' असलेला. सरकार तीन पक्षांचं, तिघंही एकमेकांचं तोंड न बघणारे. अर्थमंत्री तर इतक्या वेळा बदलायचा, की आम्ही पत्रावर नाव न घालता नुसतं 'माननीय मंत्री' लिहायला लागलो होतो. सरकारची कमाई म्हणजे सीमेवरची ड्युटी, दुसरं जवळजवळ काही नाही. आणि ती गोळा करायला स्वतःची यंत्रणाच नव्हती. युरोपातल्या एका निधीने खर्च उचलला आणि काम आमच्याकडे आलं. प्रकल्पाचा आराखडा माझा होता.

चार माणसं आली. बर्लिनमध्ये त्यांचा दूतावास म्हणजे एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथून राजदूत स्वतः गाडी चालवत त्यांना घेऊन आले. चौघांत मिळून एक लॅपटॉप. सरकारी कागदावर वर जुन्या देशाचं चिन्ह छापलेलं आणि त्यावर नव्याचा रबरी शिक्का — नवे कागद छापायची निविदा कोर्टात अडकली होती म्हणे. मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी घरी जेवताना मंजिरीला रंगवून सांगितलंही.

त्या चौघांच्या प्रमुख एक बाई होत्या. त्यांच्या कस्टम्स खात्याच्या संचालक. पन्नाशीच्या, बुटक्या, केस आखूड, चालताना डावा पाय किंचित ओढणाऱ्या. त्यांचं नाव इथे नको. माझ्या वहीत सगळीकडे 'बाई' असंच लिहिलं आहे, तर इथेही बाईच म्हणतो.

हॉटेलात पोचल्यावरची गोष्ट आहे. नाव-पत्त्याचा फॉर्म काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवरून छापून दिला. देशांच्या यादीत त्यांचा देश नव्हता, म्हणून तिने आपल्या मनाने जुना देश निवडला. बाकी तिघांनी सह्या केल्या. बाईंनी चष्मा लावला, तो शब्द एका रेघेने खोडला, वर स्वच्छ अक्षरांत आपल्या देशाचं नाव लिहिलं, मग सही केली. मग उरलेल्या तिघांचे कागद मागून घेतले आणि त्यांवरही तेच केलं. राग नाही, काही नाही. भाजी निवडावी तसं. मी शेजारी त्यांची बॅग धरून उभा होतो. हे मी नीट पाहिलं होतं — म्हणजे पुढे जे झालं ते मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

आता एक इथली पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. जर्मनीत बैठक झाली की तिचा प्रोटोकोल लिहितात — कोण हजर, कोणता मुद्दा, काय ठरलं. तो सगळ्यांना ईमेलने जातो. खाली शेवटी एक वाक्य असतं: चौदा दिवसांत कोणी हरकत कळवली नाही तर हा प्रोटोकोल सर्वांना मंजूर आहे असं धरलं जाईल. आणि तसं खरोखर धरतात. तुम्ही बैठकीत टेबलावर मूठ आपटून ओरडला असाल — कागदावर नसेल तर तुम्ही ओरडला नाहीत. मी नवा होतो तेव्हा एकदा 'बघू या, दोन आठवड्यांत होतंय का' असं म्हणालो होतो. प्रोटोकोलमध्ये आलं: 'दोन आठवड्यांत देणार.' मी तो मेल उघडलाच नव्हता. पंधराव्या दिवशी सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन शनिवार-रविवार ऑफिसात काढले तेव्हा शिकलो. म्हणजे हे शस्त्र कुठे लागतं, हे मला अंगावर घेऊन माहीत होतं.

त्या बैठकीचा प्रोटोकोल लिहायचं काम माझं होतं.

मी बैठकीत टिपणं मराठीत घेतो. सवय आहे. लाल पुठ्ठ्याची वही, बॉलपेन. कारण काही थोर नाही — जर्मन ऐकता ऐकता मराठीत लिहिलं की मला वेग येतो, आणि शेजारी बसलेल्याला काही वाचता येत नाही. कोणाबद्दल काहीही लिहिता येतं. कोण कंटाळलंय, कोणाला काही समजत नाहीये. बाईंना त्या वहीचं मोठं कौतुक वाटलं. चहाच्या सुट्टीत म्हणाल्या, ही कुठली लिपी, कपडे वाळत घातल्यासारखी दिसते. मग आपलं नाव लिहून मागितलं. मी एका कोपऱ्यात लिहिलं, तेवढा तुकडा फाडून दिला. त्यांनी तो पर्समध्ये पासपोर्टच्या आत ठेवला. आणि म्हणाल्या — इंग्रजी त्यांचं मोडकंतोडकं होतं, पण हे वाक्य त्यांनी नीट जुळवून म्हटलं — 'मिस्टर सुहास, तुमचाही देश कधी नवा होता. तुम्हाला आमचं कळेल.' मी मान हलवली. माझा देश नवा होता तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, आणि मला त्यांचं काय कळत होतं? पण मान हलवली. छान वाटलं मला.

दुपारी सातवा मुद्दा आला. सर्व्हर कुठे ठेवायचा.

माझ्या आराखड्यात लिहिलं होतं: सध्याचाच. सध्याचा म्हणजे जुन्या देशाच्या राजधानीतला. तिथली यंत्रणाही दहा वर्षांपूर्वी आम्हीच बसवली होती. तयार होती, चालू होती, तिच्यातच एक कप्पा करून नव्या देशाला द्यायचा. तांत्रिकदृष्ट्या सुबक. मी तो आराखडा केला तेव्हा माझ्या डोक्यात यंत्रं होती, केबल होत्या, तारखा होत्या. ज्या देशातून फुटून निघालो त्याच्याच घरात आपल्या तिजोरीची किल्ली ठेवायला कोणी तयार होईल का — हा प्रश्न मला पडलाच नाही. शाळेतल्या पोरालाही पडला असता. मला नाही पडला.

बाईंना सातव्या मुद्द्याचं भाषांतर ऐकायला अर्धं मिनिट लागलं. मग त्या म्हणाल्या, नाही. आमचा बॉस श्टेफान तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेला होता. दुसरा सहकारी समजावू लागला की हे तात्पुरतं आहे, वर्ष-दीड वर्षाचं. बाई म्हणाल्या, नाही. राजदूत त्यांच्या कानाशी काही पुटपुटले. बाईंनी त्यांच्याकडे न बघता तिसऱ्यांदा सांगितलं — सर्व्हर आमच्या जमिनीवर, नाहीतर पावतीपुस्तकावर लिहू, वीस वर्षं लिहू. मग सहकारी म्हणाला, ठीक आहे, नोंद घेतो, आणि आम्ही आठव्या मुद्द्यावर गेलो. आठवा मुद्दा प्रशिक्षणाचा होता.

नोंद मी घेतलीही. माझ्या वहीत आहे: '७ — बाई नाही म्हणाल्या. तीनदा. सर्व्हर त्यांच्याकडेच हवा. नाहीतर पावतीपुस्तक.'

दोन दिवसांनी प्रोटोकोल लिहायला बसलो. सकाळ होती, कॉफी होती, बाहेर ऊन होतं. मी तुम्हाला मनाची उलघाल वगैरे सांगावी अशी अपेक्षा असेल, पण तसं काही झालं नाही. मी साधा विचार केला. बाईंचं 'नाही' लिहिलं तर आराखडा नव्याने करावा लागणार. नवा सर्व्हर, नवी इमारत, किमान अर्धं वर्ष. निधीची मुदत डिसेंबरअखेर. आणि पहिला प्रश्न असा येणार — सुहास, हे आधीच तुझ्या लक्षात कसं आलं नाही? जर्मन माणूस हा प्रश्न ओरडून विचारत नाही. शांतपणे विचारतो, मग उत्तराची वाट बघत बसतो. त्या शांततेला मी घाबरलो. दुसरं कारण नाही.

मी लिहिलं: 'मुद्दा ७. यंत्रणा सुरुवातीला विद्यमान केंद्रातून चालेल. शिष्टमंडळाने याची नोंद घेतली.'

वाचून बघितलं. गुळगुळीत होतं. श्टेफानने विचारलं, सातवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं ना? मी म्हणालो, जा, पास्ट — हो, जमलं. दुसऱ्या सहकाऱ्याने प्रोटोकोल वाचला की नाही कोण जाणे. असे कागद सहसा कोणी वाचत नाही, हेही मला माहीत होतं. म्हणजे यात कंपनीचा डाव नव्हता, वरून दबाव नव्हता. श्टेफानला खरं सांगितलं असतं तर त्याने डोकं धरलं असतं, शिव्या घातल्या असत्या आणि निधीवाल्यांकडे मुदत मागितली असती. मिळालीही असती बहुतेक.

इथवर एखाद्याने म्हणावं, चूक झाली, माणूस घाबरला. मीही बराच काळ असंच म्हणत होतो. पण नवव्या दिवशी बाईंचा फोन आला.

मी ऑफिसच्या स्वयंपाकघरात डबा धूत होतो. ओल्या हाताने फोन घेतला. बाई म्हणाल्या, तुमचा कागद आला आहे, खाली चौदा दिवसांचं काहीतरी लिहिलंय. त्यांच्याकडचा नियम असा, की परदेशी संस्थेला काहीही उत्तर द्यायचं तर मंत्र्याची सही लागते, आणि त्याआधी परराष्ट्र खात्याचा शिक्का. मंत्र्याने सोमवारी राजीनामा दिला होता. नवा अजून ठरायचा होता, तिन्ही पक्ष त्यावर भांडत होते. परराष्ट्र खात्यात फोन उचलायला एकच मुलगी होती आणि ती बाळंतपणाच्या रजेवर होती. हे सगळं बाई जरा हसत सांगत होत्या, घरची लाज पाहुण्याला सांगताना आपण हसतो तसं. प्रोटोकोल अजून भाषांतराला गेला होता, त्यांनी तो पुरता वाचलाही नव्हता. मग त्यांनी विचारलं — उत्तर देणं गरजेचं आहे का, मिस्टर सुहास?

मी म्हणालो, 'नो नो, मॅडम. इट्स ओन्ली अ फॉर्मॅलिटी. डोन्ट वरी.'

तुम्ही मराठी आहात, तुम्हाला हे कसं म्हणतात ते माहीत आहे. पासपोर्टसाठी पोलीस घरी येणार — फॉर्मॅलिटी आहे हो. बँकेच्या कोऱ्या फॉर्मवर सही — नुसती फॉर्मॅलिटी. आपल्या तोंडी त्याचा अर्थ असतो: तुम्ही निवांत राहा, मी आहे ना. जर्मन माणसाच्या तोंडून हा शब्द आला असता तर बाई सावध झाल्या असत्या. त्याच्या लेखी फॉर्म म्हणजेच तर गोष्ट. माझ्या तोंडून आला आणि तो त्यांना बरोबर आपल्याकडच्यासारखा ऐकू गेला, कारण त्यांच्याकडेही माणसं असंच बोलतात. मला ते ठाऊक होतं. त्या आवाजातला आपलेपणा मी मुद्दाम वापरला.

बाईंनी आभार मानले. माझ्या मुलीचा — ईराचा — खोकला बरा झाला का, ते विचारलं. बैठकीच्या वेळी ती आजारी होती, हे त्यांच्या लक्षात होतं. मी हो म्हणालो, डबा पुसला आणि जागेवर जाऊन बसलो.

चौदा दिवस गेले. प्रोटोकोल मंजूर झाला. नवा मंत्री आला, त्याच्यापुढे करार ठेवला गेला, आणि कराराला जोडलेल्या कागदांत तो प्रोटोकोल होता. भाषांतर रखडलं होतं; बाईंनी सातवा मुद्दा वाचला तो थेट सह्यांच्या दिवशी. तेव्हा त्यांनी तिथे मोठा गोंधळ केला म्हणे. पण मंजूर कागद होता, मुदत संपत आली होती, आणि नव्या मंत्र्याला आल्या आल्या युरोपशी भांडण नको होतं. दुबळं सरकार असंच वागणार, यात नवल काय? तुमच्याकडे मागे हटायला जागा नसली की समोरच्याने लिहिलेलं तुम्ही मान्य करून टाकता.

वर्षभर यंत्रणा उत्तम चालली. मला त्या वर्षी बढती मिळाली.

मग दोन देशांत रेल्वेवरून वाजलं. नव्या देशाचा माल जुन्याच्या रुळांवरून बंदराला जायचा; जुन्याने नव्या अटी घातल्या, नव्याने सही करायला नकार दिला. दोनेक महिने नुसती पत्रापत्री. आणि एका सोमवारी जुन्या देशाच्या राजधानीतला तो सर्व्हर 'दुरुस्तीसाठी' बंद झाला. सीमेवरच्या सगळ्या नाक्यांवर आमचा पडदा पांढरा पडला. मला सकाळी आठला फोन आला. मी बघितलं, आणि दोन मिनिटांत समजलं की यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. कोणीतरी बटण बंद केलं होतं, एवढंच.

अडीच आठवडे. ट्रक दोन्ही बाजूंना उभे. पावतीपुस्तकं शोधून काढली, तर ती जुन्या देशाच्या नावाची, आणि समोरचे नाके ती मान्य करेनात. तिजोरीत येणारं थांबलं. शिक्षकांचे पगार थांबले, मग पोलिसांचे. जे देश मान्यतेचा 'विचार' करत होते त्यांनी अजून थोडा विचार करायचं ठरवलं. अठराव्या दिवशी सरकारने रेल्वेच्या अटींवर निमूट सही केली, आणि त्याच दुपारी दुरुस्ती संपली. महिन्याभरात सरकार पडलं. हे सगळं मी ड्रेस्डेनमध्ये ट्राममध्ये बसून फोनवर वाचत होतो. आमच्या सॅक्सनी राज्याच्या स्थानिक पेपरात एक लहान चौकट आली होती, शेवटून दुसऱ्या पानावर.

त्यांच्या संसदेत प्रश्न आला — हा सर्व्हर तिथे ठेवायला कबूल कोण झालं? कागद बाहेर निघाला. 'शिष्टमंडळाने याची नोंद घेतली.' शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून बाईंचं नाव. मंत्री चार होऊन गेले होते, त्यांतल्या एकाचंही नाव त्या पानावर नव्हतं. वर्तमानपत्रांनी बाईंचा फोटो छापला. त्या जुन्या देशातल्या विद्यापीठात शिकल्या होत्या, हे कोणीतरी उकरून काढलं. मग तर काय, विकल्या गेल्या असंच ठरलं. खात्याने त्यांना काढलं, चौकशी बसवली.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते. वरचं सगळं मी कदाचित मंजिरीला सांगू शकलो असतो.

बाईंचा मेल आला. ऑफिसच्या पत्त्यावर, फक्त मला. छोटासा. आरोप नाही, रडारड नाही. लिहिलं होतं: 'तुम्ही माझ्या डावीकडे बसला होतात. तुम्ही सगळा वेळ तुमच्या लिपीत लाल वहीत लिहीत होतात. मी काय म्हणाले ते तुमच्या वहीत असेल. चौकशीपुढे मला एक वाक्य हवं आहे — मी नाही म्हणाले होते, एवढंच. त्याने नोकरी परत मिळणार नाही, ते मला माहीत आहे. पण माझे वडील अजून आहेत आणि ते पेपर वाचतात.'

फॉर्मॅलिटीबद्दल एक शब्द नव्हता. त्या विसरल्या होत्या का? मला नाही वाटत. त्यांनी मला अडचणीत न टाकता मागता येईल तेवढंच मागितलं होतं.

वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी ती काढली, पान उघडलं. 'बाई नाही म्हणाल्या. तीनदा.' फोटो काढून पाठवायला किती वेळ लागला असता? भाषांतर केलं असतं तर पाच मिनिटं. माझं काय झालं असतं? विचार केला आहे मी त्यावर, तेव्हाही आणि नंतरही. बढती गेली असती. कदाचित नोकरी. ड्रेस्डेनमध्ये माझ्यासारख्याला तीन महिन्यांत दुसरी मिळते; नागरिकत्व झालेलं होतं, घर झालेलं होतं. म्हणजे फारसं काही झालं नसतं.

मी उत्तर लिहिलं. तीन ओळी. 'आपला मेल मिळाला. सदर बैठकीची एकमेव अधिकृत नोंद म्हणजे मंजूर झालेला प्रोटोकोल होय. त्यापलीकडे मी काही सांगू शकत नाही.' खाली कळावे, आपला विश्वासू. असं लिही म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. वकिलाला विचारलं नव्हतं, श्टेफानला मेल दाखवला नव्हता. ही भाषा मला इतक्या सहज आली याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. एकदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला, पाठवून दिलं.

बाईंनी उत्तर दिलं नाही. मला लाज वाटली, पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं. हा क्रम मी नीट लक्षात ठेवला आहे.

पुढे बर्लिनच्या एका परिषदेत ते राजदूत भेटले. तेही आता माजी. त्यांनी आपण होऊन सांगितलं की बाई सीमेवरच्या एका गावात बहिणीकडे राहतात. वडील त्याच हिवाळ्यात गेले. नाक्याबाहेर एक टपरीवजा खोली घेतली आहे, तिथे बसून ट्रकवाल्यांचे फॉर्म भरून देतात. म्हणजे आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये. माझ्याच पडद्यांवर.

नंतर त्यांच्या देशात स्वतःचा सर्व्हर बसला. ते कामही आम्हालाच मिळालं, आणि तो आराखडाही मीच केला. त्यानंतर साधारण वर्षाने तक्रारींच्या यादीत एक तक्रार आली: फॉर्मच्या दुसऱ्या पानावर वजनाचा रकाना मागचा आकडा पुसून टाकतो, दर वेळी पुन्हा भरावा लागतो. खाली पाठवणाऱ्याचं नाव. बाईंचं. अशा तक्रारींना आमच्याकडे तीन आठवडे लागतात. मी ती स्वतःकडे घेतली, त्याच दिवशी दुरुस्त केली, 'सोडवली' असं लिहून बंद केली. सोबत काही लिहायला एक मोकळी चौकट असते. ती मोकळी ठेवली.

गेल्या महिन्यात ईराला शनिवारच्या मराठी वर्गासाठी कोणाचं तरी हस्ताक्षर वाचून दाखवायचं होतं. ती आता चौदा वर्षांची आहे, मराठी समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते, वाचताना अक्षराखाली बोट ठेवते. तिने माझ्या कपाटातून नेमकी लाल वही काढली आणि मधलंच पान उघडून मोठ्याने वाचायला लागली. 'बा-ई ना-ही म्ह-णा-ल्या. ती-न-दा.' मंजिरी कपड्यांच्या घड्या करत होती. ईराने वर बघून विचारलं, 'पापा, वेल्ख बाई?' कुठली बाई? मी म्हणालो, ऑफिसातलं जुनं आहे ते, दुसरी वही घे. ईराने वही बंद केली. मंजिरीने माझ्या कानाकडे बघितलं, आणि पुन्हा घड्या करायला लागली.

त्यानंतर हे लिहायला घेतलं. चार शनिवार लागले. मी काही वगळलेलं नाही. दोनदा वहीशी ताडून पाहिलं आहे. बाई नाही म्हणाल्या होत्या, तीनदा, आणि मी ते ऐकलं होतं. आता कागदावर आहे, माझ्या हाताने लिहिलेलं आहे. भारतातल्या एका दिवाळी अंकाला पाठवतो आहे, छापलं तर छापतील.

बाईंचा मेलचा पत्ता माझ्याकडे आहे. त्यांना जर्मन थोडं येतं, इंग्रजी कामापुरतं येतं. मराठी येत नाही. पहिलं वाक्य लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं.